रिकामी वाटी

अपमान? कसला डोंबलाचा अपमान! म्हाताऱ्यानं शिकलेल्या चेल्याच्या हातात रिकामी वाटी दिली, म्हणून विद्यापीठातली मोठी माणसं अजून नाकं मुरडत्यात. मुरडू द्या. आधी काय झालं ते ऐका, मग तोंड उघडा.

एकदा एक म्हातारा व्हता. डोंगराच्या अलीकडं त्याची छावणी. पलीकडच्या मुलखात लढाई पेटली तशी माणसं घरदार टाकून, नेसत्या कपड्यानिशी घाट उतरून आली. हा त्यांना जागा देई, दोन वक्ताला जेवू घाली. त्याचा एक जुना चेला विद्यापीठात मोठा अभ्यास करत व्हता. मागल्या उन्हाळ्यात तो आला.

"गुरुजी, इथली मुलं सारखी आजारी का पडतात, याचा मला शोध घ्यायचाय. पण तुमच्या शब्दाशिवाय ही माणसं माझ्याशी बोलणार नाहीत."

खरंच व्हतं ते. जीव मुठीत धरून आलेलं माणूस, त्याला कुणी काय इचारलं की आधी धडकी भरती. हा कुणाचा माणूस, कशाला इचारतोय? पण म्हाताऱ्यानं शब्द टाकला अन् लोक बोलले. काय खातो, पाणी कुठलं पितो, कुणाचं मूल कवा आजारी पडलं, सगळं सांगितलं. गोजराबाई सगळ्यांत जास्त बोलली, कारण तिची पोर पोटदुखीनं वाळून काटकी झाली व्हती. चेल्यानं ऐकून घेतलं, हात जोडले अन् गेला.

औंदा शिमगा झाल्यावर परत आला. तोंडावर तेज, अंगात नवा सदरा.

"गुरुजी, त्या कामाचं फार कौतुक झालं. आता आणखी थोडे प्रश्न विचारायचेत."

तेवढ्यात गोजराबाईनं समोरच्या खोपटातून आंबील पाठवली, पाव्हणा उन्हाचा आलाय म्हणून. चेल्यानं वाटी चाटूनपुसून संपवली. म्हाताऱ्यानं ती धुतली, पुसली अन् त्याच्या हातात ठेवली.

"जा. देऊन ये."

"रिकामी?"

"व्हय, रिकामी."

चेला जागचा हलंना. "गुरुजी, असं कसं देऊ? शेजारचं भांडं आमच्या आईनं कधी रिकामं परत पाठवलं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची."

"आरं, मागल्या साली तर खुशाल रिकामं ठेवून गेलास! आता लाज वाटती?"

"मी? मी काय ठेवून गेलो?"

म्हातारा खाली बसला. आवाज उतरवून म्हणाला, "तिनं तुला वाटीभर आंबील न्हाई, सगळं घर ओतून दिलं व्हतं. पोरीचं दुखणं, धन्याचं मरण, रस्त्यात काय काय झालं ते. ते घेऊन तू विद्यापीठात गेलास. तिथं पंगत बसली, तिथं ढेकर दिली. अन् हिच्याकडं परत काय आलं? आणखी प्रश्न? माझ्या शब्दावर घेतलंस, बाबा. आता मी कुठल्या तोंडानं दुसरा शब्द टाकू?"

चेल्याला ते लागलं. "पण गुरुजी, मी बसून नव्हतो. उत्तर शोधून काढलं ना! वडाखालच्या झऱ्यात वरच्या संडासांची घाण झिरपते. त्या पाण्यानंच मुलं..."

अन् तिथंच त्याची जीभ अडकली.

म्हाताऱ्यालाही हे आत्ताच कळत व्हतं. "कवा कळलं तुला?"

"दिवाळीत."

"कुणाला सांगितलंस?"

"विद्यापीठात सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं... लिहिलं म्हणजे सांगितलं."

बाहेर गोजराबाई घागर काखेला लावून वडाकडं निघाली व्हती. चेला वाटी घेऊन तसाच अनवाणी पळत सुटला.

"मावशी, थांबा! त्या झऱ्याचं पाणी पोरीला देऊ नका. घाण आहे त्यात. तीच तिच्या पोटात जाते."

गोजराबाईनं घागर खाली ठेवली. "हे आज कळलं व्हय?"

"नाही. दिवाळीत."

तिनं त्याला खालून वर बघितलं. "मग इतके दिस काय इद्यापीठातल्या पोरींची पोटं दुखत व्हती? त्यास्नी सांगत बसलास ते?"

चेल्यानं वाटी पुढं केली. तिनं घेतली न्हाई.

"र्‍हाऊ दे तुझ्यापाशी. झऱ्याला काट्या घाल, मग आण."

ती घागर उचलून ओढ्यापलीकडच्या लांबच्या विहिरीला निघून गेली.

चेल्यानं नवा सदरा काढून वडाच्या फांदीवर टाकला. दिवस मावळंपर्यंत बाभळीच्या फांद्या ओढून झऱ्याभोवती रचल्या. हात रक्तबंबाळ झाले. येईल जाईल त्याला थांबवून पाणी का वाईट ते सांगितलं, समजंल अशा शब्दांत. प्रश्न एकही इचारला न्हाई.

तवापासून त्या छावणीत रीत पडली. इचारायला या, दार उघडं हाय. पण जे कळंल ते आधी इथं, वडाखाली उभं राहून सांगायचं, मग तुमच्या विद्यापीठात. ज्याला ही रीत अपमान वाटती, त्यानं छावणीकडं फिरकूच नये.

अन् तुम्ही वाचणारे, तुम्हीही कुणाचं दुखणं इचारून आला असाल अन् जे कळलं ते स्वतःपाशीच ठेवलं असंल. मान डोलवू नका. उठा, आजच्या आज जाऊन त्याला सांगा.