एका उंदराचा रस्सा

"उंदीर खाल्लेल्या माणसाला मठात जागा आहे का, बुवा?"

विश्रामने उंबऱ्याबाहेरूनच विचारलं. बारा वर्षं कांद्यालाही न शिवलेला हा गडी. पंगतीत शेजाऱ्याच्या ताटाकडे बघून नाक मुरडायचा. आता मठ सुटतो की काय, या धास्तीने तो आत पाऊल टाकत नव्हता.

भानजीबुवा पत्रावळी टाचत बसले होते. "कुठं खाल्लास?"

"कातकरवाडीवर. भिक्षेला निघालो आणि वाटेत तापाने पडलो. सोमी म्हातारीने झोपडीत नेलं, रस्साभात भरवला. मी विचारलं, कसला रस्सा? तर म्हणाली, 'उंदराचा हाय म्हाराज, तापाला बरा.' शेतातला उंदीर. आणि भातही त्याने बिळात साठवलेल्या दाण्यांचाच."

"बीळ कुणाच्या शेतातलं?"

"आपल्याच... मठाच्या."

बुवा हसले. "मग घरचंच जेवलास की. चव कशी होती?"

विश्रामची मान खाली गेली. खोटं बोलायची सवय नव्हती, तीही नेमकी आडवी आली.

"चांगली होती."

"मग?"

"कळल्याबरोबर घशात बोटं घातली. तिच्या अंगणातच सगळं ओकलो." हे सांगताना मात्र त्याचा आवाज जरा चढला. निदान एवढं तरी व्रत राखलं होतं.

बुवांचा हात थांबला.

"सोमी काय जेवली?"

विश्राम उंबऱ्यावरची माती नखाने खरवडू लागला.

"विश्राम."

"एकच उंदीर होता, बुवा. ती चुलीपाशी नुसतं पाणी पिऊन बसली होती."

मग बुवा उठले आणि कोपऱ्याकडे गेले. कोपऱ्यात विश्रामची वळकटी होती. आता ती अंगणात येऊन पडणार, हे त्याने गृहीतच धरलं. त्याने डोळे मिटून घेतले.

हातात काहीतरी थंड, जड आलं. पहार होती.

"म्हणजे... मला घालवत नाही ना?"

"घालवतोय. कातकरवाडीला. बिळं खणायला म्हातारीला हात हवेत."

विश्रामच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्याला हसू आलं आणि रडूही आलं, आणि त्याने दोन्ही येऊ दिलं. पहार खांद्यावर टाकून तो फाटकापर्यंत पोचला, तेव्हा मागून बुवांनी हाक मारली.

"आणि तिने वाढलं, तर या खेपेला पोटात राहू दे."