रिकामी सतरंजी

खडकेवाडीत भांडणाला निमित्त लागत नसे. पाण्यावरून, बांधावरून, नाहीच काही तर वरातीत पुढे कोण चाललं यावरून डोकी फुटत. अशा गावात द्वारकाबाई शांततेचे धडे द्यायला आल्या. रोज संध्याकाळी त्या ओसरीवर सतरंजी अंथरत. नियम एकच होता, काठी-कुऱ्हाड अंगणाबाहेर ठेवून यायचं. काठीवाचून फिरणं गावाला उघड्या अंगानं फिरल्यासारखं वाटे, म्हणून कुणी फिरकत नसे. दिवेलागणीला बाई सतरंजी झटकून घडी घालत. झटकण्यासारखं तिच्यावर काही नसे.

एका संध्याकाळी इनामदार चंद्रराव मजा बघायला आले. सतरंजीवर ऐसपैस बसून म्हणाले, "बाई, इतकी वर्षं घसा कोरडा केलात. तुमची अहिंसा पटलेला एक तरी माणूस दाखवा, नाहीतर उद्या गाशा गुंडाळा."

"एक आहे, सरकार."

"कोण तो?"

"आपण. देवळात जाताना आपल्या मागेपुढे भालाईत असतात. सख्ख्या भावाकडे जेवायला गेलात तरी कमरेची तलवार सुटत नाही. इथं मात्र एकटे आणि रिकाम्या हातांनी आलात. या ओसरीवर आपल्याला कुणी मारणार नाही, हे आपल्याला पुरतं पटलंय. मी शिकवते ते एवढंच."

इनामदारांचा हात कमरेकडे गेला. तिथं नुसता शेला होता. ते सतरंजीवर जरा सावरून बसले. मग हळूच म्हणाले, "थोडं पाणी मिळेल?"

ते गेल्यावर बाईंनी पेले विसळले. कितीतरी वर्षांनी आज ते दोन होते.