वैद्यराजांना धक्का कोण देणार?

हिमालयात, जिथे वर्षातले सहा महिने बर्फ हलत नाही अशा एका उंच गावात, नरहरी नावाचा वैद्य राहत होता. मूळचा तो गोदाकाठचा. यात्रेला म्हणून निघाला, वाटेत या गावात तापाची साथ दिसली म्हणून थांबला, आणि थांबला तो थांबलाच. हाताला मोठा गुण. गावाने त्याला डोक्यावर घेतलं. तो चौकातून निघाला की म्हातारेकोतारेसुद्धा उठून उभे राहायचे.

थंडीत त्या गावची माणसं पायी फारशी चालत नसत. फळीवरून घसरत जात. पुढचं टोक वर वळलेली एक लांबट फळी घ्यायची, तिच्यावर आडवं उभं राहायचं, दोन्ही पाय चामड्याच्या पट्ट्यांनी बांधायचे आणि उतारावर स्वतःला सोडून द्यायचं. हल्ली शहरातली मंडळी हौसेने ज्याला स्नोबोर्ड म्हणतात ना, तेच हे. पण इथे हौस कसली? मीठ आणायला फळी, लग्नाला जायलाही फळीच. वैद्याला मात्र ती येत नव्हती. सहा वर्षं झाली तरी येत नव्हती, आणि एवढ्या मोठ्या माणसाला 'शिका' म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गावाच्या खाली, लांबलचक उताराच्या टोकाला, अकरा घरांची एक वस्ती होती. तिथे अडचण आली की ओलं गवत पेटवायचे. गावातून धूर दिसायचा. फळीवाला भात शिजायच्या आत खाली पोचे. पायी मात्र कमरेएवढ्या बर्फातून दीड दिवस लागे. वैद्याला पाठीवर बांधून न्यायचीही युक्ती एकदा करून झाली होती. तेव्हा दोघेही दरीच्या काठावरून कसेबसे परत आले.

मागच्या थंडीत धूर दिसला. वस्तीवरच्या हिरामणीचं तान्हं तापाने फणफणलं होतं. नरहरी तसाच निघाला. पडत, धडपडत, बोटं बधिर करून घेत दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. तोवर उशीर झाला होता. हिरामणी रडली नाही. तिने वैद्यापुढे गरम पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाली, "घ्या वैद्यराज. लांबून आलात."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

यंदा हिरामणीला पुन्हा दिवस गेले होते. माघात बाळ यायचं होतं. आधीच खाली जाऊन राहावं, तर वरच्या गावातल्या आजाऱ्यांना कोण बघणार? थंडीच्या तोंडाशीच नरहरी केवलू सुताराच्या दारात जाऊन उभा राहिला. गावातल्या सगळ्या फळ्या केवलूच करायचा. "केवलूदादा, मला फळी दे. माघाच्या आत शिकायचंय," नरहरी म्हणाला.

आता इथे एक गंमत ऐका. त्या गावात नवशिक्याची फळी करण्याआधी सुतार त्याला मागून धक्का द्यायचा. अगदी बेसावध असताना! माणूस तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे टाकतो, तो त्याचा पुढचा पाय. पट्टे त्या हिशेबाने बांधायचे. गावातल्या एकूण एक माणसाने हा धक्का खाल्ला होता. गावचा पाटील म्हणावा अशा प्रधानानेसुद्धा खाल्ला होता, पण तो पाच वर्षांचा असताना.

पण वैद्यराजांना धक्का कोण देणार? केवलूचा हात उठेना. तेवढ्यात बातमी ऐकून गावचा प्रधान धावत आला. "वैद्यराजांना साधी फळी? शोभतं का आपल्याला?" असं म्हणून त्याने देवळात टांगलेली मानाची फळी काढून आणवली. अक्रोडाच्या लाकडाची, माणसाच्या डोक्याहून उंच, आरशासारखी गुळगुळीत. गावातल्या पट्टीच्या घसरणाऱ्याने तिच्यावर सात शर्यती मारल्या होत्या.

"पण…" केवलू म्हणाला.

"पण काय?" प्रधानाने डोळे वटारले. केवलूने मान खाली घालून रंधा उचलला. आणि खरं सांगायचं तर नरहरीलाही बरं वाटलं होतं. देवळातली फळी! ती त्याने खांद्यावर घेतली, तेव्हा त्याची मान जरा ताठच झाली.

पुढचा महिनाभर वैद्याने जे काय केलं, त्याला शिकणं म्हणत नाहीत, आपटणं म्हणतात. फळी वळायलाच तयार नाही. सुटली की बाणासारखी सुटायची आणि वैद्य कुठे तरी बर्फात रुतलेला सापडायचा. कोपरं सोलली, गुडघे सुजले. स्वतःचाच लेप स्वतःला लावून तो दमला. आणि गावकरी काय म्हणायचे? "वा वैद्यराज! पडण्यातसुद्धा काय ऐट आहे!" एकानेही खरं सांगितलं नाही. आदर म्हणे!

पौष अर्धा सरला.  'पंचेचाळिशी झाली, आता हे अंगात शिरायचं नाही,' असं नरहरीने मनाशी ठरवूनही टाकलं. मग त्याला तो पाण्याचा पेला आठवला. तो उठला, फळी खांद्यावर टाकली आणि सरळ केवलूकडे गेला.

"त्या दिवशी तू 'पण' म्हणालास. पुढे काय म्हणणार होतास?"

केवलूने रंधा खाली ठेवला. "फळी चुकीची आहे, वैद्यराज. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही, ते चुकलंच माझं."

"आता तरी बोल."

मग केवलू बोलला. नवशिक्याची फळी हनुवटीपर्यंत पुरे, ही तुमच्या डोक्यावर जाते. हिचं लाकूड ताठ, ज्याला वळता येतं त्याचंच ते ऐकतं. नवशिक्याला वाकणारं, चुका पोटात घालणारं लाकूड लागतं. तुमची पावलं मोठी, फळी अरुंद, म्हणून बोटं बाहेर येऊन बर्फात अडकतात. कडा इतक्या धारदार की जरा कललात की रुतल्याच. "आणि पट्टे डावा पाय पुढे धरून बांधलेत. तुमचा पुढचा पाय कुठला, ते तर कुणालाच ठाऊक नाही."

"मग दे ना धक्का!" असं म्हणून नरहरी पाठ फिरवून उभा राहिला. दात आवळून, पाय रोवून. केवलूने ढकललं. वैद्य भिंतीसारखा जागचा हलला नाही.

"असं नाही होत," केवलू हसू दाबत म्हणाला. "धक्का सांगून देत नाहीत. तुम्ही जा घरी. मी देईन, पण रागावायचं नाही."

"नाही रागावणार," वैद्य म्हणाला. म्हणायला काय जातं!

चार दिवसांनी भर दुपारी, भर चौकात, वैद्य प्रधानाची नाडी बघत उभा होता. भोवती पंधरावीस माणसं. वैद्याने डोळे मिटले होते, बोटं मनगटावर होती, सगळे श्वास रोखून बघत होते. आणि मागून केवलूने दोन्ही हातांनी असा काही धक्का दिला की वैद्याची पगडी उडून बर्फात पडली आणि वैद्य प्रधानाला घेऊन पाच पावलं पुढे गेला.

 प्रधानाचा चेहरा लाल झाला. "केवलू, तुझी ही हिंमत!"

नरहरीच्याही तोंडाशी कडक शब्द आला होता. रागावणार नाही म्हणाला होता खरा, पण पंधरा माणसांसमोर पगडी उडाली की भल्याभल्यांचं डोकं फिरतं. त्याने मान खाली घातली ती राग गिळायला, आणि त्याची नजर मागे बर्फात उमटलेल्या स्वतःच्या पहिल्या ठशावर गेली.

"उजवा!" तो ओरडला. "केवलूदादा, उजवा रे, उजवा!" आणि तो हसायला लागला. पोट धरधरून हसला. बघता बघता सगळा चौक हसू लागला. सहा वर्षांत त्या गावाने वैद्यासमोर असं कधी हसून घेतलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत केवलूने फळी तयार केली. हनुवटीएवढी, हलक्या लवचिक लाकडाची, जराशी रुंद, कडा बोथट केलेली, पट्टे उजव्या पायाच्या हिशेबाने. प्रधान नाक मुरडून म्हणाला, "ही तर पोरांची फळी!"

"मीही या कामात पोरच आहे," नरहरी म्हणाला. त्याने मानाची फळी देवळात परत टांगली आणि उताराकडे निघाला.

त्या दिवसापासून लोकांच्या जिभा सुटल्या. "गुडघे वाकवा!" "पायाकडे काय बघता, जायचंय तिकडे बघा!" चुन्नी नावाची सात वर्षांची पोरगी तर "अहो वैद्यराज, पुन्हा तेच केलंत!" म्हणून डोक्याला हात लावायची. नरहरी निमूटपणे ऐकायचा, पडायचा, उठायचा. पंधरा दिवसांत तो वळायला शिकला. थांबायलाही शिकला, आणि ते जास्त अवघड होतं.

माघातल्या एका सकाळी खालून धूर दिसला.

सगळा गाव उताराच्या तोंडाशी जमला. वैद्याने औषधांची पिशवी पाठीला बांधली, पट्टे आवळले आणि स्वतःला सोडून दिलं. झोकदार नव्हतं ते जाणं. या कडेकडून त्या कडेकडे, पाय आखडत, हळूहळू. तीनदा पडला, तीनदा उठला. भात शिजायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागला. पण पोचला.

बाळ आडवं आलं होतं. वस्तीवरच्या सुईणीचे हात थकले होते, हिरामणीचे ओठ पांढरे पडले होते. नरहरीने काढा पाजला, सुईणीच्या हाताला हात लावला. दोघं मिळून झटत राहिली. दुपार कलली. शेवटी बाळ आलं, निळंसावळं, मुकं. वैद्याने त्याला पालथं धरलं, पाठीवर चापट मारली. एक. दोन. आणि तिसऱ्या चापटीला पोरगी असा टाहो फोडून रडली की बाहेर उभे असलेले लोक दाराशी धावले.

ते रडणं ऐकलं आणि हिरामणीचाही बांध फुटला. वर्षभर तिच्या डोळ्यांतून थेंब आला नव्हता. आता ती लेकीला छातीशी धरून, गेलेल्या लेकराचं नाव घेत मोठमोठ्याने रडत होती. वैद्य उंबऱ्यात बसून राहिला. त्यानेही डोळे पुसले नाहीत.

तात्पर्य: शिकायला निघालेल्याने मोठेपणाला शोभणारं नव्हे, आपल्या आजच्या कुवतीला बसणारं साधन घ्यावं, आणि ज्याच्यावर आपली खरी माया आहे, त्याची चूक त्याच्या तोंडावर सांगावी.