आधी वचन, मग दोर

खूप खूप वर्षांपूर्वी, नदीवर पूल नव्हते आणि म्हाताऱ्यांना उलट उत्तर द्यायची सोय नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

एका गावाची नाव दोराला धरून नदीपार जायची. दोर या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेला, आणि आता पार विरलेला. पूर तोंडावर आला होता. नावाड्याला घास गोड लागेना.

गावाच्या नावाने पत्रं गावचे कारभारी आबाच लिहायचे, म्हणून तो त्यांच्याकडे गेला. "आबा, शहरातल्या व्यापाऱ्याला लिहा. जाड दोर पाहिजे, लगेच. नाहीतर माणसं बुडतील."

आबांनी कागद ओढला आणि मोठ्या अक्षरांत पोथीतलं वचन लिहिलं: 'ज्याने इच्छा सोडली, त्याला सर्व मिळाले.'

"आबा, दोर?"

"थांब रे अडाण्या! व्यापाराचं पत्र असं उघडंबोडकं पाठवतात होय?"

वचनाने कागद भरला. दोराची मागणी तळाच्या कोपऱ्यात कशीबशी मावली.

त्या मुलखाची रीत अशी, की देववचनाचा कागद धंद्याच्या गादीवर ठेवायचा नाही. व्यापाऱ्याने पहिली ओळ वाचली, पत्र कपाळाला लावलं आणि थेट देव्हाऱ्यात ठेवलं. खालचं वाचायचं राहूनच गेलं. उत्तर आलं: 'वचन पोचले. कृतार्थ झालो. सोबत नारळ.'

आबा फुलले. "बघ, याला म्हणतात मान!"

"मग नाव नारळाला बांधू का?" नावाडी म्हणाला.

आबांनी दुसरं पत्र धाडलं. यात दोन वचनं. दोन नारळ आले.

मग पूर आला, आणि नेमके त्याच दिवशी आबा पलीकडे प्रवचन सांगायला निघाले.

"आबा, आज नको."

"तू मला शिकवणार?" म्हणत आबा नावेत चढले.

मधोमध दोर तुटला. नाव उलटली. नावाडी पोहून काठाला लागला. आबा एका खडकाला मिठी मारून बोंबलत होते, "दोर टाक! दोर!"

काठावरच्या खुंटाला दोराचा तुकडा उरला होता. नावाड्याने तो भराभर गोळा केला, पण जीभ काही आवरेना. "आबा, असं उघडंबोडकं? आधी वचन?"

"वचन राहू दे! दोर टाक, मेल्या!"

आबांना ओढून काढल्यावर नावाड्याने ओल्या अंगानेच पत्र लिहिलं: 'दोर पाठवा. माणसं बुडताहेत.' पूर ओसरायच्या आत दोर आला.

आबा मरेपर्यंत सांगत राहिले, की वचनांच्या पुण्याईनेच आपण वाचलो. नारळही त्यांनीच खाल्ले.

बोध एवढाच: मोठेपणा मिरवायला देववचन वर लिहिलं, की खाली लिहिलेली गरज कुणी वाचत नाही.