राजाचं उड्डाण लांबलं त्याची गोष्ट

"हे काय विमान म्हणायचं!" राजा मणिध्वज विमानतळावर उतरताच कडाडला. "चढलो नाही तोच उतरलो! तोंडात विडासुद्धा रंगला नाही! शेजारच्या राजाचं विमान सासुरवाडीला जायला अर्धा दिवस उडतं. भर दरबारात सांगतो तो! आणि आम्ही काय सांगायचं?"

खरं तर रत्नवटी आणि सोनसळ ही राजाची दोन्ही शहरं इतकी जवळ, की एका विमानतळावर धुरळा उडाला की दुसऱ्यावर शिंका येत. पण हे राजाला सांगणार कोण?

वैमानिक सटवाजी चाचरत म्हणाला, "महाराज, वरच्या वर एक फेरा जास्त मारू का?"

"खबरदार! वळायचं नाही, हळू जायचं नाही, शहरं तर जागची हलवायची नाहीतच. तरी परवाचं उड्डाण लांबलं पाहिजे. नाही लांबलं, तर तू तुरुंगात!"

सटवाजी तोंड पाडून घरी आला. त्याची बायको येसू पोराला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. गोंद्याला दात येत होते. आपल्याला आईपण जमत नाही, हे तिचं सकाळपासून दहादा ठरवून झालं होतं. आता नवराही तुरुंगात चालला!

"आत्ता कुठं दुपार होतेय," ती पुटपुटली, "आणि मला वाटतंय, वर्ष सरलं..." ती थांबली. गोंद्याकडे बघतच राहिली. "अहो, महाराजांना सांगा, उपाय सापडला. पण मी हातात देईन ते उतरेपर्यंत खाली ठेवायचं नाही म्हणावं."

"तुला जमेल नक्की?"

"मला कुठलं जमतंय! पण ह्याला जमेल."

"एवढंच ना?" निरोप ऐकून राजानं हसत शब्द दिला. ठरल्या दिवशी विमान उडालं, आणि येसूनं गोंद्याला राजाच्या मांडीवर ठेवलं.

गोंद्यानं आधी मोत्यांचा कंठा चावून पाहिला. आवडला नाही. मग जो टाहो फोडला! राजानं चुटक्या वाजवल्या, मुकुट दाखवला, माकडासारखं तोंड केलं. गोंद्यानं मिशी धरली, ती सोडेना.

"सटवाजी, आलं का सोनसळ?"

"आत्ता तर उडालो, महाराज!"

राजाची मांडी ओली झाली.

"आता तरी आलं?"

"अजून नदी ओलांडायचीय, महाराज!"

"अरे, ती नदी कुणी एवढी लांब नेऊन ठेवली?"

मागं बसून येसू नखं खात होती. सकाळची पेज जास्त झाली का कमी? आणि कार्ट्यानं मोती तर नाही ना गिळला?

अखेर विमान टेकलं. राजा उतरला. मुकुट कानावर, उपरणं ओलं, विडा मुठीत तसाच चुरगळलेला.

"महाराज," येसूनं भीतभीत विचारलं, "शहरं हलली?"

"नाही."

"विमान वळलं? हळू झालं?"

"छे!"

"मग उड्डाण किती वेळ चाललं?"

"अगं, जन्म गेला माझा!"

"शेजारच्या राजांचा अर्धा दिवसच जातो. जिंकलात की, महाराज!"

राजानं कानावरचा मुकुट सरळ केला. मग असा खदाखदा हसला, की गोंद्यासुद्धा दचकून रडायचा थांबला.

"माग, पोरी! गाव, सोनंनाणं, हवं ते माग!"

"महाराज, परतताना पण ह्याला तुम्हीच घ्या."

राजाचं हसू मावळलं. पण शब्द दिलेला!

विमान उडालं आणि येसूनं जरा डोळे मिटले. सटवाजीनं हलवून उठवलं, तेव्हा बाहेर रत्नवटी दिसत होती.

"अगंबाई!" ती डोळे चोळत म्हणाली. "हे काय विमान म्हणायचं! चढले नाही तोच उतरले!"