बॅटवरचा डावा हात

तालुक्याच्या संघाची निवड चालली होती. मैना गुरवने डाव्या हाताने गोलंदाजी करून तिघांच्या दांड्या उडवल्या, तरी निवड समितीचे अध्यक्ष खर्डेकर गरजले, "डावा हात अशुभ! हिचं नाव खोडा."

मैनाचं डोकं सणकलं. "साहेब, तुम्ही उजव्या हाताचे नावाजलेले फलंदाज ना? मग माझा एकच चेंडू खेळा. फक्त तो अशुभ डावा हात बॅटवरून काढा."

अध्यक्ष तोऱ्यात मैदानात उतरले. एका हातात बॅट लटपटली आणि मधली दांडी उडाली.

"तुमच्या बॅटवर डावाच हात वर असतो, तोच बॅट सरळ आणतो," मैना कडाडली. "जन्मभर त्याच्या जिवावर धावा काढल्यात, आणि अशुभ म्हणे माझा!"