सात दिवसांचं औषध

"मग उद्या यात्रेत घालू ना थेंब, बाबा?"

दौलतनं तिसऱ्यांदा विचारलं. पुढ्यात खोकं होतं, त्यात डोळ्यांत घालायच्या औषधाच्या दोनशे बाटल्या.

रेवणबाबा धुनीकडं बघत बसले होते.

दौलत म्हणजे बाबांचा पट्टशिष्य. असं तोच म्हणायचा. मठात यायच्या आधी तालुक्याला औषधाच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरवर उभा होता. त्यामुळं त्याला सगळं ठाऊक. डॉक्टर लोक माणसाला उगाच हेलपाटे घालायला लावतात, हे त्याचं ठाम मत. मी आपला धुनीला लाकडं पुरवणारा माणूस, मला कोण विचारतो? पण त्या दुपारी मी तिथं होतो, म्हणून सांगतो.

"यात्रेत धूळ उडते," दौलत म्हणाला. "लोकांचे डोळे लाल होतात. आज थेंब घातला की उद्या डोळा स्वच्छ. लोक मठाचं नाव काढतील."

"डोळा कशानं लाल झाला, ते कोण बघणार?"

"बघायचं काय त्यात? एका बाटलीत दोन औषधं आहेत, बाबा. एक जंतू मारतं. दुसरं स्टेरॉईड, ते सूज आणि लाली उतरवतं. दुखणं कुठलंही असो, दोन्हींतलं एक लागू पडतंच."

"लाली उतरली आणि दुखणं आतच राहिलं, तर?"

"लाली उतरली म्हणजे दुखणं गेलं."

"असं..."

"अकरा वर्षं दिलं मी हे. एक माणूस तक्रार घेऊन परत आला नाही. आणि लांब कशाला, तुमचेच डोळे बघा. गेल्या श्रावणात धुरानं कसे झाले होते? तिसऱ्या दिवशी निवळले. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ मी थेंब घालतोय. नऊ महिन्यांत एकदा तरी लाल झाले?"

"नाही झाले."

"सेवा घडली माझ्या हातून," दौलत म्हणाला.

खोटं कशाला बोलू, मलाही ती सेवाच वाटत होती. बाबांचे डोळे लहान पोरासारखे पांढरेशुभ्र दिसायचे. ते बघूनच मी दौलतकडून एक बाटली मागून घेतली होती.

बाबा वळले.

"तात्या, लाकडं ठेव खाली. इकडं ये, माझ्या डाव्या कानाशी उभा राहा. दौलत, तू समोर बस. मी तुझ्या नाकाकडं बघतो."

दौलत बसला. बाबांनी उजवा डोळा तळव्यानं झाकला.

"तात्या, एक बोट वर धर. हळूहळू पुढं आण. दिसलं की सांगतो."

मी कानाशी बोट धरलं. बाबा गप्प. हातभर अंतर ठेवून पुढं आणत गेलो. कानशिलासमोर आलं, गप्प. डोळ्याच्या कोपऱ्यासमोर आलं, तरी गप्प. बोट मी नीट हलवत होतो. त्यांची पापणी हलली नाही.

दौलतला वाटलं, बाबा थट्टा करतायत. तो हसला.

बोट तसंच पुढं गेलं. आता बाबांचा डोळा आणि दौलतचं नाक यांच्या मधे यायला चार बोटं उरली होती.

"आता," बाबा म्हणाले.

मी बोट खाली घेतलं.

"दुसऱ्या बाजूनं आण."

त्यांनी डावा डोळा झाकला. उजवा जरा बरा होता. जरासाच. निम्मी वाट ओलांडल्यावर बोट दिसलं त्यांना.

दौलत हसायचा थांबला होता.

"बाबा... हे कधीपासून?"

"मला काय ठाऊक? दुखलं नाही, खुपलं नाही. चौकटीला खांदा लागायला लागला, एवढंच. तुला वाटलं, बाबा थकले. मलाही तेच वाटलं."

"मग कळलं कसं?"

"गेल्या सोमवारी तालुक्याला जाऊन आलो ना? डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो होतो. त्यांनी विचारलं, डोळ्यांत काय घालता? मी रिकामी बाटली पुढं केली. किती दिवस घालता? म्हटलं, नऊ महिने."

"मग?"

"त्यांनी यंत्र लावून दोन्ही डोळे तपासले..."

धुनीत एक लाकूड घसरलं. मी ते तसंच राहू दिलं.

"म्हणाल्या, हे सात दिवसांचं औषध. तेही आधी डोळा तपासून. पुढं रेटत राहिलं तर काहींच्या डोळ्यांतला दाब वाढतो. माझा वाढला. आतली नस वाळली. काचबिंदू म्हणतात."

"दाब उतरेल ना?" दौलतनं विचारलं.

"उतरेल. त्याचं वेगळं औषध दिलंय."

"मग दिसायला लागेल."

"गेलं ते गेलं. राहिलंय तेवढं राखायचं."

दौलतनं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मला सांगायला लाज नाही, त्या घडीला पुढं होऊन त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. नऊ महिने रोज सकाळी आंघोळ करून, नाव घेत, आपल्याच गुरूच्या डोळ्यांत हे घालत होता हा. आणि मी शेजारी बसून वाहवा करत होतो.

मग माझा हात आपोआप स्वतःच्या खिशाकडं गेला.

"बाबा, माझ्याकडंही तीच आहे. दोन महिने झाले."

"एकटाच घालतोस?"

"बायकोलाही त्यातलंच घालतो."

"बाटलीचं तोंड डोळ्याला लागतं?"

"लागतं की. त्याशिवाय थेंब पडतो कुठं?"

बाबांनी डोळे मिटले.

"एकाच्या डोळ्यातलं दुखणं दुसऱ्याच्या डोळ्यात घालतोयस तू, तात्या. उद्या यात्रा राहू दे. तू आणि बायको, दोघंही पहिल्या गाडीनं डॉक्टरीणबाईंकडं जा. बाटली बरोबर घे, त्यांना दाखव."

"जातो," म्हटलं.

दौलत जमिनीकडं बघत बोलला.

"पण बाबा... अकरा वर्षं... किती लोकांना दिलं मी. कुणीच कसं परत आलं नाही?"

"ज्याला दिसत नाही, तो तुझं दुकान कसा शोधेल?"

बाबा हे रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. दौलत बसल्या जागी हलला. त्याच्या डोळ्यांपुढून कोण कोण गेलं असेल, ते त्यालाच ठाऊक. मला दोन नावं आठवली. आमच्याच गावची. ती मी तेव्हा तोंडातून काढली नाहीत.

"आठ दिवस तुम्हाला ठाऊक होतं," दौलत म्हणाला. "मला सांगितलं का नाही?"

"तू खोकं आणेपर्यंत वाटत होतं, मी तालुक्याला कशाला गेलो होतो ते तू विचारशील."

दौलत ताडकन उठला. खोकं पायानं बाजूला सारलं. बंडीच्या खिशातून बाबांची चालू बाटली काढली आणि धुनीवर हात उगारला.

"विष आहे हे. आजपासून एक थेंबही नाही. आत्ताच्या आत्ता बंद."

बाबांनी त्याचा हात धरायला हात पुढं केला. तो रिकाम्या हवेत गेला. दौलतचा हात त्यांच्या डाव्या अंगाला होता, त्यांना दिसलाच नाही. बाबांनी चाचपडत पुन्हा हात फिरवला, तेव्हा कुठं दौलतचं मनगट सापडलं.

ते बघून दौलत ढसाढसा रडायला लागला. बाटली मात्र सोडेना.

"सोडा मला, बाबा. जाळू दे."

बाबांनी दुसऱ्या हातानं कफनीच्या आतून एक घडी घातलेला कागद काढला. मला वाचता येत होतं तेवढं मी वाचलं. संध्याकाळचा थेंब सोमवारपासून बंद. सकाळचा अजून पंधरा दिवस. मग दिवसाआड. मग परत दाखवायला या. एकदम तोडू नका, सूज उलटून येईल.

"संध्याकाळी तुम्ही नको म्हणत होता..." दौलत हुंदके देत म्हणाला. "मला वाटलं, कंटाळलात."

बाबांनी मनगट सोडलं नाही.

"घालायचं तूच ठरवलंस," ते म्हणाले. "आता थांबवायचंही तूच ठरवणार?"